ढाब्यावर ‘बसायला’ द्यायचं, बियर बार काढायचा की परमिट रूम?

संध्याकाळी सातनंतर गिऱ्हाईक येतं. हातात पेपरमध्ये गुंडाळलेली क्वार्टर. “शेठ, बसलं तर चालेल ना?” शेठ ग्लास, बर्फ, मसाला पापड पाठवतात. पुढे चिकन थाळीची ऑर्डर ठरलेलीच. शेठचं म्हणणं, “आपण दारू विकतच नाही, मग आपल्याला कसला परवाना?” हॉटेलवाल्यांचे हिशेब लिहिता लिहिता हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता आधी कायद्याचं नाव सांगतो आणि मगच चहा मागवतो.

आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. नाव बंदीचं, कारभार परवान्याचा. मुळात सगळंच मना, परवाना असेल तेवढंच चालतं. विकायला परवाना लागतो, तसा प्यायलाही लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आलं. त्यामुळे बाटली गिऱ्हाइकाची असली तरी जागा तुमची आहे. बिनपरवाना जागेत लोकांना प्यायला बसवलं तर मालकावर कलम ६८ लागतं, टेबलावरच्यांवर ८४. भरारी पथक आलं की थाळी तशीच राहते आणि गिऱ्हाईक तुमच्याबरोबर कोर्टात जातं. ते परत तुमच्याकडे जेवायला येईल, ही आशा सोडा. खर्च शून्य दिसतो म्हणून हा पर्याय स्वस्त वाटतो, पण मी तो पर्यायांत धरतच नाही.

मग उरतात दोन: ‘ई’ नमुन्यातल्या परवान्याचा बियर बार आणि एफएल-३, म्हणजे कडक दारूही चालणारी परमिट रूम. दोन्हींचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि फी गावाच्या लोकसंख्येवर. परमिट रूमची फी बरीच जड. एक पेग विकायच्या आधी ती भरायची असते, धंदा होवो न होवो. मार्चमध्ये माझ्याकडे येणारा परमिट रूमवाला चेहऱ्यावरूनच ओळखू येतो. गेल्या काही वर्षांत त्याचं गणित आणखी बिघडलंय. नोव्हेंबर २०२३मध्ये बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, २०२५-२६ला परवाना फी १५ टक्क्यांनी वाढली, जून २०२५मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं. १४ जुलै २०२५ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी शटर खाली ओढून निषेध केला, तो याचसाठी. तीच क्वार्टर वाईन शॉपमध्ये स्वस्त मिळते. म्हणून परमिट रूमची खरी स्पर्धा शेजारच्या बारशी नसते. ती असते वाईन शॉप आणि झाडाखाली लावलेल्या गाडीशी.

रोजच्या कटकटीत मात्र मला सगळ्यात मोठा फरक दिसतो तो रजिस्टरचा. बियरची बाटली ही बाटलीच असते. सकाळी ४८, रात्री १९, विकल्या २९, काम संपलं. परमिट रूममध्ये फुल बाटली फुटते, ७५० मिलीतून ३० मिलीचे २५ पेग निघाले पाहिजेत, आणि रात्री अर्धवट राहिलेल्या वीसेक बाटल्यांचा ब्रँडनिहाय हिशेब जुळवावा लागतो. माझ्या एका अशिलाकडे २५ऐवजी २७ निघायचे. मालकाला पत्ताच नव्हता. गिऱ्हाईक कमी होत गेलं तेव्हा कळलं की बारटेंडर माप आखडतं घेत होता आणि जादा दोन पेगचे पैसे मालकाच्या गल्ल्यात येतच नव्हते. ज्याला रोज रात्री स्वतः काउंटरवर उभं राहता येत नाही, त्यानं परमिट रूमच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

वयाचंही बघा. महाराष्ट्रात बियर-वाईनला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. कॉलेज जवळ असेल तर परमिट रूममध्ये ओळखपत्र मागून मागून जीव जातो. नुकतीच गोव्याहून आलेली पोरं तर हमखास वाद घालतात, कारण तिथे १८ला चालतं. एक दिवसाच्या पिण्याच्या परवान्याचं पुस्तकही काउंटरवर ठेवा. पाच रुपयांची पावती म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही, पण तपासणीत पहिल्यांदा तेच मागतात.

कराची एक गोष्ट दोन्ही परवान्यांना लागू आहे आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. तुम्ही आज जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या, ठरावीक दराच्या योजनेत असाल तर दारू विकायला लागल्यावर त्यातून बाहेर पडावं लागतं, अगदी फक्त बियर विकलीत तरी. जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट, म्हणजे दोन बिलं, दोन खाती आणि अर्थातच माझी फीही वाढते.

जागेचं फर्निचर करण्याआधी बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार महामार्गापासून ५०० मीटर आणि २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागात २२० मीटर अंतर लागतं. पालिका हद्दीला यातून २०१७मध्ये सूट मिळाली. ढाबा हद्दीच्या पाटीअलीकडे आहे की पलीकडे, यावर सगळं फिरतं. गावात महिलांनी आडव्या बाटलीची, म्हणजे मतदानानं दारूबंदीची मागणी लावून धरली असेल तर मी थांबायलाच सांगतो.

चौथा एक मार्ग आहे, त्याकडे कुणी बघत नाही. मागे लॉन असेल तर एखाद्या खाजगी पार्टीपुरता एक दिवसाचा परवाना काढता येतो. रिटायरमेंट झाली, जुन्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, दुसऱ्या दिवशी त्याच लॉनवर बारसं. मात्र दर शनिवारी तोच परवाना काढून बार चालवायचा, ही युक्ती डोक्यातून काढून टाका.

एमआयडीसीजवळ असाल, दुपारी टेबलं रिकामी आणि रात्री गर्दी असेल तर परमिट रूम पेलते. दुपारची थाळी चालत असेल आणि बायका-मुलांना वेगळी बसायची सोय करता येत असेल तर बियर बारपासून सुरुवात करा. तशी सोय नसेल तर लॉन बरं.

मागच्या वर्षी चौदा टेबलांचा एक खानावळवाला अर्ज करायचाच म्हणून आला होता. त्याला म्हटलं, एक महिना ‘बसायला मिळणार नाही’ ऐकून किती टेबलं उठून जातात, तेवढं वहीत लिही. महिन्यानं वही घेऊन आला. अकरा टेबलं उठली होती, आणि त्यातली सहा वेळा तेच चौघे.