प्लग-इन हायब्रिड वापरल्यानंतर : चार्जिंगच्या विजेचा धूर कोणाच्या खात्यावर?

माझी टोयोटा प्रियस प्राइम प्लग-इन हायब्रिड आहे, म्हणजे प्लगला लावून बॅटरी भरली की ती विजेवर चालते आणि एरवी पेट्रोलवर. थंडीत बॅटरी भरलेली असतानाही पेट्रोलचे इंजिन का सुरू होते, हे तपासण्याचे इथल्या सर्व्हिस सेंटरने पैसे लावले आणि ‘गाडीत दोष नाही’ एवढेच सांगितले. दोष नव्हताच, समोरच्या काचेवरचे दव-बर्फ घालवणारा डीफ्रॉस्टर लावला की प्रियस प्राइमचे इंजिन चालू होते, आणि एवढे सांगायला तपासणी लागत नाही. मला खटकते ते वेगळेच. इंजिनाचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गार असताना आपले काम नीट करत नाही, म्हणजे सर्वांत घाण हवा सुटते ती नेमकी सुरुवातीच्या मिनिटांत. म्हणून आता गाडी प्लगला असतानाच मी ती आतून गरम करून घेतो.

मात्र या विजेचा हिशेब मांडल्यावर समाधान ओसरले. मी राहतो त्या वेस्ट व्हर्जिनियात तयार होणारी 85 टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची आहे. गाडी विजेवर 100 मैलांना 25 युनिटे घेते. युनिटमागे साधारण 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर तो 22 किलोंच्या वर जातो. पेट्रोलवर तीच गाडी गॅलनला 54 मैल जाते, म्हणजे तेवढ्याच अंतराला 16 ते 17 किलो!

पुढे वाचत गेल्यावर हे मत थोडे बदलावे लागले. आमचे राज्य 13 राज्यांत पसरलेल्या पीजेएम या सामायिक वीजजाळ्याला (ग्रीडला) जोडलेले आहे, तिथे नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जेचा वाटा मोठा आहे, आणि त्या सरासरीने विजेचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. पण गंधकाचे काय? अमेरिकेत पेट्रोलमधील गंधकाची सरासरी मर्यादा 2017 पासून दहा लाखांत 10 भाग एवढीच आहे. कोळशाच्या केंद्रातून मात्र धूर धुऊन काढणारे स्क्रबर असूनही सल्फर डायऑक्साइड सुटतो. मॉर्गनटाउनमधली माझी गल्ली स्वच्छ राहावी आणि जवळच्याच मेड्सव्हिलमधील फोर्ट मार्टिन या कोळशाच्या वीजकेंद्राशेजारच्यांनी तो श्वासात घ्यावा, हे मला अन्यायाचे वाटते.

नव्या गाडीच्या काचेवरील लेबलात हरितगृह वायूंचे जे गुण छापतात, ते फक्त सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचे असतात. त्याच लेबलावर ग्राहकाच्या भागातील विजेचा आकडा का नसावा? भारतातील ग्रीडचा आकडा युनिटमागे सुमारे 0.7 किलो आहे, म्हणजे कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी रोज पाहणाऱ्या नागपूरकराने अशी गाडी घेतली, तर कार्बनच्या हिशेबात विजेवर आणि पेट्रोलवर फारसा फरक पडणार नाही. खर्चाबाबत माझी तक्रार नाही, कारण घरची वीज पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडते. मात्र छतावर सौर पॅनेल बसेपर्यंत ‘प्रदूषणमुक्त गाडी’ हे शब्द मी तिच्यासाठी वापरणार नाही.