टेकडीवरची सुबाभूळ काढायची कोणी: श्रमदान, ठेकेदार की झाडांचे जाणकार?

मे महिना लागला की ओळखीतून एखादा फोन येतोच. कुठल्यातरी सोसायटीने किंवा सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी टेकडीचा एक-दोन एकराचा तुकडा सांभाळायला घेतलेला असतो. वनखात्याशी किंवा उद्यान विभागाशी बोलणं झालेलं असतं, कोणा कंपनीने थोडे पैसेही देऊ केलेले असतात. प्रश्न ठरलेला: "ही परदेशी झाडं काढायचीत. पोरांना घेऊन श्रमदान करावं, ठेकेदाराला द्यावं, की ते दोर आणि हार्नेस लावून झाडावर चढतात त्या लोकांना बोलवावं?"

पुण्याच्या टेकड्यांवर हे तिन्ही प्रकार मी जवळून पाहिलेत, दोनांत हातही मळवलेत. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण मी कोणाचा नंबर देत नाही. आधी तुकड्यावर काय उगवलंय ते मोजून या, म्हणतो.

तीन झाडं, तीन स्वभाव

घाणेरी, म्हणजे टणटणी, शोभेचं झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून भारतात आली. चौकोनी, काटेरी फांद्या आणि पिकली की काळी होणारी फळं. बुलबुल फळ खातो, पुढच्या झाडावर जाऊन बसतो आणि विष्ठेतून बी तिथेच टाकतो. म्हणून नवी रोपं बहुतेक वेळा जुन्या झाडाच्या खालीच सापडतात. रोपं शोधायची तर वर बघत चाला.

सुबाभळीची गोष्ट वेगळी. 1970 च्या दशकात उरुळीकांचनच्या बायफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेने चाऱ्याचं झाड म्हणून तिचा प्रसार केला, आणि दुष्काळाच्या त्या दिवसांत तो हिशोब चूक नव्हता. शेळी आवडीने खाते, नत्र धरते, भराभर वाढते, तोडली तरी फुटते. शेताच्या बांधावरचे हे गुण टेकडीवर अवगुण होतात. शेंगांचे झुबके झाडावरच वाळून तडकतात आणि बी मातीत वर्षानुवर्षं दम धरून पडून राहतं. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींची आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची यादी आहे, तिच्यात सुबाभूळ आहे, घाणेरीही आहे.

तिसरी गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया, कुणी उंदीरमारी म्हणतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून माणसांनीच लावलेली. फेब्रुवारीत पानं झडून फिक्या गुलाबी फुलांनी भरली की लोक तिच्यासोबत फोटो काढतात. हिची खोड म्हणजे फांदी. ओल्या मातीत फांदी खोचली की मूळ धरलंच.

यात एक गोष्ट लोक विसरतात. या टेकड्या मुळात घनदाट जंगल नव्हत्या. कुसळी, मारवेल, पवन्या असल्या गवतांचा माळ आणि त्यात विरळ सालई, मोई, गणेर, हिवर, बोरी. तेव्हा सुबाभूळ काढून तिथे पाचशे वड-पिंपळ लावू म्हणणारा माणूस आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

श्रमदान: स्वस्त, पण फक्त घाणेरी आणि रोपांपुरतं

घाणेरीसाठी श्रमदानासारखं दुसरं काही नाही, फक्त ती कापायची नाही. कोयत्याने कापलेली घाणेरी पावसानंतर दुपटीने झुपकेदार होऊन येते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी यावर सांगितलेली पद्धत साधी आहे आणि कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पासारख्या ठिकाणी वापरली गेली आहे. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो जाडसर सांधा हेच फुटव्यांचं घर. माती थोडी बाजूला करून त्या सांध्याच्या खाली मूळ तोडायचं, अख्खं जाळं उचलायचं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं टाकायचं. मातीला टेकलेली फांदी परत मूळ धरते, म्हणून हे उलटं टाकणं.

प्रत्यक्षात हे असं होतं. एक जण लांब काठीच्या आकड्याने फांद्या उचलून धरतो, दुसरा खाली वाकून टिकावाने सांधा मोकळा करतो आणि कुऱ्हाडीचा घाव घालतो. हातमोजे कातडीचे हवेत. कापडी मोजे पहिल्या पाच मिनिटांत फाटतात. आमची जोडी एका सकाळी सहा-सात मोठी जाळी काढते, मग कंबर बोलायला लागते. एका सकाळी शंभर जाळी काढल्याचा फोटो कुणी दाखवला तर ती कापलेली आहेत असं समजा.

सगळी घाणेरी एका दमात काढू नका. तिच्यात तित्तिर लपतात, छोटे पक्षी घरटी करतात. पट्ट्यापट्ट्याने काढा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात गवताचं बी टाका. नाहीतर तिथे गाजर गवत येतं, किंवा ते नारिंगी कॉसमॉस, ज्याच्या गालिच्याचं आपण वर कौतुक करतो. (गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद 1950 च्या दशकातली, आणि तीही पुण्याचीच. मान आपलाच.)

सुबाभळीची गुडघ्याएवढी रोपंही पोरं उपटू शकतात. दोन-तीन चांगले पाऊस झाले, माती भिजली की अलगद येतात. कंबरेच्या वर गेलेलं रोप मात्र सोटमुळाने जमीन धरून बसतं. ते ओढताना मूळ तुटतं आणि उरलेल्या तुकड्यातून फुटतं. तिथून पुढे श्रमदान संपलं. मनगटाहून जाड खोडाला पोरांच्या हातची कुऱ्हाड लावू नका. पाय सटकला, झाड वळलं, कुणाला लागलं तर जबाबदार कोण याचं उत्तर तुमच्याकडे नसतं.

ठेकेदार: काम होतं, पण मोजमापाप्रमाणे होतं

ठेकेदाराकडे माणसं असतात, चेन सॉ असते, ट्रॉली असते. चार दिवसांत तुकडा मोकळा दिसतो. वांधा त्याच्या दानतीचा नसतो, वर्कऑर्डरचा असतो. बिल झाडांच्या नगावर असेल तर तो नग पाडणार. लाकूड त्याला न्यायचं असेल तर सरळ, जाड, विकण्यासारखं खोड आधी जाणार आणि काटकुळी पिलावळ तशीच राहणार. वाकायला नको म्हणून खुंट गुडघ्याएवढा ठेवला जाणार, आणि पुढच्या श्रावणात त्या एका खुंटावर डझनभर धुमारे. एक सुबाभूळ काढून बारा लावल्यासारखं.

आमच्याच तुकड्यावर घडलेली गोष्ट सांगतो. एका वर्षी काम एका ठेकेदाराला गेलं. त्याने गिरिपुष्प पाडलं, मोई आणि बहाव्याची रोपं लावली, आणि प्रत्येक रोपाला आधार म्हणून तीन-तीन काठ्या ठोकून हिरवं कापड गुंडाळलं. जून महिन्यातलं देखणं काम, बिलही निघालं. ऑगस्टमध्ये गेलो तर काठ्यांना पानं! गिरिपुष्पाच्याच ताज्या फांद्या तोडून आधाराला लावल्या होत्या. पुढच्या वर्षी काठ्या डोक्यावरून गेल्या आणि मधली रोपं त्यांच्या सावलीत कधी वाळली कळलंही नाही. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, लाकूड तिथेच पडलेलं होतं, बाहेरून कशाला आणायचं?" त्याचंही खरंच होतं. सांगितलं कुणी नव्हतं.

म्हणून ठेकेदार नेमायचाच तर कागदावर चार ओळी वाढवा. खुंट जमिनीलगत कापला पाहिजे. तोडलेलं गिरिपुष्प ओल्या मातीवर पडून राहता कामा नये. लाकूड कोणाचं, ते आधीच ठरलेलं हवं. आणि निदान तिसरा हिस्सा पैसे दुसऱ्या पावसाळ्यानंतर, फुटवे मोजून. या शेवटच्या अटीवर निम्मे ठेकेदार उठून जातात. जाऊ द्या.

जाणकार: महाग, आणि सगळीकडे लागत नाहीत

आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा जाणकार, हा शब्द आपल्याकडे आता कुठे रुळतोय. हेल्मेट, हार्नेस, दोर, कापण्याआधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारून वर बघत बसणं; पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं हे लोक वेळ काढतात. त्यांचं कसब बघायचं असेल तर एक फांदी कापताना बघा. आधी खालून थोडी चीर, मग जरा पुढे जाऊन वरून काप, फांदी गेली की उरलेला तुकडा खोडाच्या गळ्याशी. खालची चीर नसेल तर पडणारी फांदी खोडाची साल ओरबाडत खाली येते.

सुबाभळीची साल ओरबाडली गेली तर कुणाचं काय जातं? काही नाही, आणि म्हणूनच माळावर एकट्या उभ्या सुबाभळीला जाणकार लावणं हा पैशांचा चुराडा आहे. ते लागतात तीन जागी. पायवाटेवर झुकलेलं झाड. विजेच्या तारेजवळचं झाड, आणि तिथेही महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, देशी झाडात गुंतलेलं परदेशी झाड. जुन्या मोईच्या डोक्यात शिरलेली सुबाभूळ ठेकेदार पाडतो तेव्हा मोईचा अर्धा मुकुट सोबत येतो. दोराने तुकड्या-तुकड्याने उतरवली तर मोईला कळतही नाही.

जाणकारांचा आणखी एक उपयोग गिरिपुष्पाच्या दाट पट्ट्यात होतो. दिल्लीत रिज नावाच्या डोंगररांगेवरच्या विलायती कीकरसाठी, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीसाठी, सी. आर. बाबूंनीच धरलेला आग्रह असा की झाड एकदम पाडू नका. खालच्या फांद्या काढून छत वर उचला, जमिनीवर उजेड येऊ द्या, खाली देशी झाडं वाढवा आणि ती उंच झाली की परदेशी झाडाला हळूहळू निरोप द्या. उतारावरच्या गिरिपुष्पाला मला हेच पटतं. एका उन्हाळ्यात उघडी केलेली उतरण पहिल्याच वळवात माती सोडते. पण फांद्या किती आणि कुठल्या काढायच्या हे नजरेचं काम आहे, ते नगावर मोजता येत नाही.

त्यांची उणी बाजूही सांगतो. ते येतात, दोन दिवस उत्तम काम करतात आणि जातात. ऑगस्टमध्ये फुटवे मोडायला दोर-हार्नेसवाला माणूस बोलावणं परवडत नाही.

साल सोलणं, औषध, जेसीबी

केरळातल्या वायनाडमध्ये सेन्ना स्पेक्टॅबिलिस या परदेशी प्रजातीचं मोठं झाड छातीपासून जमिनीपर्यंत साल सोलून उभ्या-उभ्या वाळवतात. जंगलात ठीक. टेकडीवर, जिथे रोज पहाटे माणसं चालतात, उभं वाळलेलं झाड पायवाटेपासून लांब असेल तरच हे करा; आणि नुसती कड्यासारखी पट्टी काढलीत तर सुबाभूळ पट्टीच्या खालून फुटते, म्हणून साल जमिनीपर्यंत.

खुंटावर तणनाशक लावणं बाहेरच्या देशांत सर्रास चालतं. आपल्याकडे केंद्राने ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरता ठेवला. हौशी मंडळींनी बाटली आणून ब्रशने लावायचा विषय तिथेच मिटतो, आणि मला त्याचं दुःख नाही. जेसीबी तर उतारावर नकोच: मूळ निघतं, माती निघते, गाजर गवताला आयतं शेत मिळतं.

परवानगी

झाड परदेशी आहे म्हणून मोकळीक मिळत नाही. शहरात 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू होतो, आणि त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं कापणं नव्हे. जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. साल सोलणं त्यात आलंच. टेकडीचा तुकडा वनखात्याचा असेल तर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय सुबाभळीच्या फांदीलाही हात लावू नका. पत्र खिशात ठेवा, सकाळी फिरायला आलेले काका-काकू "झाडं का तोडताय?" म्हणून अडवणारच, आणि त्यांनी अडवलंच पाहिजे.

दोन एकराचं मी काय केलं असतं

पैसे हातात असते तर जाणकारांना फक्त दोन दिवस: वाटेवरची, तारेजवळची आणि मोईत गुंतलेली झाडं. माळावरची सुटी सुबाभूळ ठेकेदाराला, शेंगा पिकायच्या आत, जमिनीलगत काप आणि राखून ठेवलेला हिस्सा या अटींवर. घाणेरी आपण. गिरिपुष्प पहिल्या वर्षी पाडलंच नसतं, फक्त छत उचललं असतं. आणि एकूण रकमेचा निम्मा भाग बाजूला ठेवून तीन पावसाळे दर पंधरा दिवसांनी फुटवे मोडायला दोन माणसं रोजंदारीवर लावली असती. मागच्या वस्तीतले शेळ्या राखणारे या कामाला सर्वांत चांगले, त्यांना सुबाभळीचं रोप लांबून ओळखू येतं आणि मोडलेला पाला ते घरी नेतात.

कंपनीवाले निम्मी रक्कम बाजूला ठेवायला तयार होत नाहीत, त्यांना मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. तसं असेल तर दोन एकरांऐवजी अर्धा एकर घ्या. आणि मला उद्घाटनाला बोलवू नका, दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोलवा. हातमोजे माझे मी आणेन.