जुनी लाकडी होडी: सूत-लुकण की फायबर? नागपुरात बसून निर्णय घेताना

वैनगंगेकडून आणलेला फळ्यांचा डोंगा असो किंवा बोटिंगच्या ठिकाणाहून मोडीत निघालेली वल्ह्यांची होडी असो, नागपुरात तिच्याभोवती चार माणसं जमली की दोन सल्ले हमखास मिळतात. सुतार म्हणतो, फटी भरा, तेल पाजा, चालेल. कूलर आणि टाक्यांची कामं करणारा फायबरवाला म्हणतो, वरून काचेच्या तंतूंची मॅट मारून देतो, पुन्हा गळणार नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. फक्त ही होडी वर्षातले किती महिने पाण्यात राहणार, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही. खरा निर्णय त्यावरच ठरतो.

आठ-नऊ महिने किंवा त्याहून जास्त काळ पाण्यात राहणार असेल, तर सूत आणि लुकण, म्हणजे फळ्यांच्या सांध्यांत कापूस बसवून वर खडू-तेलाचा लेप. गाडीवर घालून खिंडसीला किंवा वडगावच्या धरणावर सुट्टीपुरती न्यायची आणि एरवी शेडमध्ये ठेवायची असेल, तर एपॉक्सीचं फायबर, म्हणजे एपॉक्सी या चिकट रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड लाकडावर चढवणं. आणि निम्म्याहून जास्त फासळ्या, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, गेल्या असतील, तर जुनीचा साचा धरून नवी बांधणं. पुढचा मजकूर या तिन्हींना माल काय लागतो आणि काम कुठे फसतं, त्याबद्दल आहे.

नागपूरची हवा लाकडाला काय करते

मे महिन्यात दुपारची आर्द्रता इथे २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये ती ८० च्या पुढे जाते. उघड्यावरच्या लाकडातला ओलावा त्यामागे फिरतो: उन्हाळ्यात ५-६ टक्के, पावसाळ्यात १६ च्या आसपास. सागवानाची साध्या कापाची ८ इंची फळी एवढ्या फरकात जवळजवळ ४ मिलिमीटर आकसते किंवा फुगते. खोडाच्या मध्यातून आरपार कापलेल्या फळीत, म्हणजे जिच्या टोकाला वर्षवलयांच्या रेषा उभ्या दिसतात तिच्यात, हा फरक निम्मा असतो. आठ फळ्यांच्या होडीत सगळं मिळून ३ सेंटिमीटर हलतात. सागवान तरी गुणाचं. ऐन आणि साल या झाडांची लाकडं याहून जास्त हलतात.

म्हणून नवतप्यात अंगणात उलटी पडलेली होडी बघून फटी मोजू नयेत. त्या फटी बहुतेक उन्हाच्या असतात, होडीच्या नसतात. अशा आकसलेल्या फटींत ठासून सूत भरलं आणि होडी पाण्यात सोडली, तर फळ्या फुगताना त्यांना जागा उरत नाही. मग खिळे उपटतात किंवा फासळी तडकते. ‘चांगली टाइट भरली होती, तरी तुटली’ अशी तक्रार ऐकली की बहुधा टाइट भरल्यामुळेच तुटलेली असते.

आधी तपासणी, मग पद्धत

समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात नसतो, हे विदर्भाचं नशीब. कुजीचं मात्र उलटं आहे. खारं पाणी बुरशीला थोडंफार रोखतं, पावसाचं पाणी तिला पोसतं. त्यामुळे बाहेरच्या तळापेक्षा आतल्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे, होडी आधी जाते. तळाच्या मधल्या लाकडाला लागून असलेली पहिली फळी, फासळ्यांची खालची टोकं, पुढच्या आणि मागच्या टोकांचे सांधे आणि काठावरच्या पट्टीखालची जागा, एवढी ठिकाणं टोच्याने बघावीत. टोच्या जोर देऊन दोन-तीन मिलिमीटर गेला तर ठीक. लोण्यासारखा सेंटिमीटरभर शिरला, तर ते लाकूड संपलं. खिळ्याभोवती काळं वर्तुळ आणि बोटाने सुटणारा भुसा दिसला, तर लोखंडाने लाकूड खाल्लं आहे. तिथेच जाडा खिळा मारून उपयोग नसतो. नवं भोक निरोगी लाकडात, जुन्यापासून दीड-दोन इंच सरकवून पाडावं आणि जुन्या भोकात लाकडाची खुंटी बसवावी.

उधईचंही बघा. होडी थेट मातीवर ठेवलेली असेल, तर काठाच्या आतून मातीच्या बारीक नळ्या सापडतात. दुरुस्ती सुरू होण्याआधीच ती विटांच्या थरावर, जमिनीपासून दीड फूट उंच, तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा. दोनच आधार दिले तर महिनाभरात मधून वाकते आणि तो वाक नंतर काढता येत नाही.

सूत आणि लुकण

आधी होडी भिजवायची. बारदानाची पोती ओली करून आतून-बाहेरून अंथरायची आणि दहा-पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. त्यानंतरही ज्या फटी मिटल्या नाहीत, तेवढ्याच खऱ्या. त्यांवर खडूने खूण करा. मग सावलीत आठवडाभर ठेवून पृष्ठभाग कोरडा होऊ द्या. आतलं लाकूड दमटच राहायला हवं.

सांधा आतून जवळपास मिटलेला आणि बाहेरून २-३ मिलिमीटर उघडा, असा पाचरीच्या आकाराचा हवा. आतून आरपार उजेड दिसत असेल, तर सूत आत निसटतं. तिथे आधी लाकडाची बारीक पट्टी बसवावी लागते. जुनं सूत आणि लुकण वाकवलेल्या आकड्याने काढा. पटाशीने काढाल तर कडा फाटतात आणि फाटलेली कडा सूत धरत नाही.

सूत म्हणजे न पिळलेला कापूस. वर्ध्याच्या बाजूला चरख्यासाठी मिळणारे पेळू याला उत्तम. रंगीत चिंध्या किंवा नायलॉनची दोरी चालत नाही, कारण ती पाण्याने फुगत नाही. पेळूचे लहान लहान वेढे करत बोथट पटाशीने आणि लाकडी मोगरीने सांध्यात बसवायचं, जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंत. ठोकताना आवाज भद्द येतो तोवर ठीक, टणक वाजू लागला की थांबा. १६ फूट लांब, ४ फूट रुंद होडीत सांध्यांची एकूण लांबी ४५ मीटरच्या घरात जाते. त्याला अर्धा ते पाऊण किलो कापूस पुरतो.

सुतावर पातळ प्रायमरचा एक हात, मग लुकण: खडूची पूड आणि उकळलेलं जवसाचं तेल, पोळीच्या कणकेइतकं घट्ट मळलेलं. दीड-दोन किलो लागतं. घाणीवरचं कच्चं जवसाचं तेल स्वस्त आणि सहज मिळतं, पण ते आठवडे वाळत नाही. रंगाच्या दुकानातलं उकळलेलंच घ्या. पूर्वी यात शेंदूर घालत. शेंदूर म्हणजे शिसं, आणि त्याच तलावातली मासोळी आपल्या ताटात येते, तेव्हा तो नको. लुकण फळीच्या पातळीपेक्षा किंचित खोल ठेवा. फळ्या फुगल्या की ते बाहेर येतंच.

शेवटी आतून-बाहेरून तेलाचे तीन हात, मिळून चार-पाच लिटर. तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेतात. नागपूरच्या एप्रिलमध्ये तर त्यांना फार वेळही लागत नाही. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

या पद्धतीचा खर्च कमी, मेहनत जास्त आणि कटकट दरवर्षीची. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस होडी गळणारच. त्या काळात बादली हाताशी ठेवा आणि माणसं बसवू नका. खरा शत्रू उन्हाळ्यात उतरणारं पाणी आहे. एप्रिल-मे मध्ये धरणाची कड मागे सरकते, होडी चिखलात कोरडी पडते आणि वर्षभराचं काम पंधरा दिवसांत उघडतं. पाण्यामागे होडी सरकवत नेणारा माणूस नसेल, तर ही पद्धत घेऊ नका.

फायबर

इथे बहुतेक पैसे चुकीच्या मालात जातात. टाक्या आणि कूलरच्या बॉडीसाठी वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन आणि सुट्या तंतूंची मॅट. साच्यात नवी वस्तू बनवायला ते चांगलं, पण जुन्या लाकडाला त्याची पकड कमजोर असते. दोन-तीन पावसाळ्यांत कडेने पापुद्रा सुटतो आणि आत पाणी साठतं. लाकडाला एपॉक्सीच हवं. त्याच मॅटवर एपॉक्सी ओतणं हाही उपाय नाही. मॅटचे तंतू धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या द्रावकात विरघळतो, एपॉक्सीत नाही, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. एपॉक्सीबरोबर विणलेलं काचेचं कापड वापरा, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅमचं.

दुसरी चूक म्हणजे हलत्या फळ्यांवर कापड चढवणं. फळ्या तशाच सुट्या राहिल्या तर त्या सांध्यावरच्या रेषेत कापड फाडतात. म्हणून सांधे करवतीने एकसारखे सरळ करून त्यांत त्याच लाकडाच्या पट्ट्या एपॉक्सीने बसवायच्या, म्हणजे सगळं अंग एकसंध होतं. त्याआधी लाकडातला ओलावा १२ टक्क्यांखाली हवा. दोन टाचण्यांचा मीटर स्वस्तात मिळतो. तो फळीच्या मध्यावर, दहा ठिकाणी लावून बघा. सागवान तेलकट असतं, म्हणून ८० नंबरच्या कागदाने घासून, चिकटवण्याच्या लगेच आधी असिटोनने पुसा.

तिसरी चूक आतल्या बाजूला एपॉक्सी न लावण्याची. बाहेरून कापड आणि आतून नुसतं लाकूड असेल, तर पावसाचं पाणी आतून शिरतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि फायबर चकचकीत असताना आत लाकडाचा चुरा होतो. फासळ्यांच्या मागे, कोपऱ्यांत, सगळीकडे किमान दोन हात पोहोचले पाहिजेत. हे काम कंटाळवाणं आहे आणि कारागीर नेमकं तेच टाळतो. रक्कम ठरवताना ‘आतूनही’ हा शब्द लिहून घ्या.

त्याच १६ फुटी होडीला बाहेरून साधारण साडेआठ चौरस मीटर कापड लागतं. आधीचा हात, कापड भिजवणं आणि वरचे दोन हात धरून चौरस मीटरला पाऊण ते एक किलो एपॉक्सी जातं. वाया जाणारं आणि सांध्यांतलं मिळून फक्त बाहेरच्या बाजूला १० किलो धरा. आतली बाजू आणि फासळ्यांना आणखी सहा-सात किलो. सूत-लुकणाच्या मालापेक्षा हा खर्च कितीतरी पट आहे. तो परवडत नसेल तर अर्धवट फायबर करू नका.

तापमानाचा हिशोब वेगळाच. एपॉक्सी आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर यांचं २५ अंशांना वीस-पंचवीस मिनिटं टिकणारं मिश्रण ४३ अंशांना सात-आठ मिनिटांत घट्ट होतं. मग्यात ठेवलं तर धूर काढतं. एका वेळी २००-२५० ग्रॅमच कालवा, आणि लगेच पसरट ताटात ओता. प्रमाण अंदाजाने नाही, वजनकाट्यावर, डब्यावर दिलंय तेच. हार्डनर जास्त घातल्याने लवकर वाळत नाही, कायमचं चिकट राहतं. नागपुरात नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध हे दोन काळ सोयीचे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ पर्यंत जातो, मिश्रण अर्धवट राहतं आणि दवाने वर तुपासारखा थर येतो. तो आलाच तर घासण्याआधी पाण्याने आणि भांड्यांच्या घासणीने धुवा. पहिला हात दुपारी तीननंतर, लाकूड थंड होत असताना लावा. सकाळी लावला तर तापणाऱ्या लाकडातून हवा बाहेर येते आणि सगळीकडे बुडबुडे उठतात.

एपॉक्सी उन्हात खराब होतं, म्हणून वर पॉलियुरेथेन रंग हवाच, आणि तो पांढरा किंवा फिका. गडद निळी होडी छान दिसते, पण मेच्या उन्हात तिचं अंग साठ अंशांच्या पुढे तापतं. घरच्या तापमानाला वाळलेलं साधं एपॉक्सी तिथे मऊ पडायला लागतं आणि प्रत्येक सांध्याची रेघ वर उमटते.

नवी बांधायची झाली तर

मरीन प्लायवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का बघा. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून पुढे करतात ते बहुधा आयएस ३०३ चं असतं. ते किचनच्या ट्रॉलीला ठीक. खात्री करायची तर हातभर तुकडा दिवसभर उकळा, उन्हात वाळवा, पुन्हा उकळा. पदर सुटले तर परत करा.

फळ्या किंवा फासळ्या बदलायच्या असतील, तर लकडगंजच्या लाकूडबाजारात सागवान घनफुटाने मिळतं. १६ फूट लांब, ८ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे जवळपास ०.९ घनफूट. आलापल्ली-बल्लारशाकडचं जुनं सागवान आणि बाहेरून आलेलं लागवडीचं सागवान यांत रुंद वलयं आणि कडेचा पांढरा भाग बघून फरक कळतो. पांढरा भाग होडीत घ्यायचा नाही, तो दोन वर्षांत कुजतो. जोड द्यायचा झाला तर तिरका सांधा जाडीच्या किमान आठपट लांब ठेवा, आणि शेजारच्या फळीतल्या जोडापासून दूर. पक्कं बिल मागा. मोटर लावणार असाल, तर अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली नोंदणीचं बघावं लागेल.

ठरत नसेल तर

एक गोष्ट मात्र आत्ताच टाळा: डांबर. गळती थांबवायला तळाला गरम डांबर फासलं, की ते लाकडाच्या छिद्रांत बसतं आणि त्यावर पुढे एपॉक्सी कधीच नीट धरत नाही. जवसाच्या तेलाचंही थोडंफार तसंच. उलट एकदा कापड चढलं की सूत-लुकणाकडे परत येता येत नाही, सांधेच उरत नाहीत. तोवर होडी विटांवर, शेडखाली, आतलं पाणी निघून जाईल अशी तिरकी ठेवा. वर ताडपत्री, पण दोन्ही टोकं उघडी, हवा खेळती. मेमध्ये आत ओली पोती अंथरून आठवड्यातून दोनदा पाणी मारा. कूलरच्या पाण्यात एवढं भागतं.