भुसावळ: क्वार्टर खाली करायला टेम्पो, माझा अनुभव

रेल्वेतून निवृत्त झालो आणि क्वार्टर सोडून जळगावला, पिंप्राळ्यात स्वतःच्या घरी आलो. सामान हलवलं ते भुसावळच्याच एका टेम्पोवाल्यानं. त्याचं ना दुकान, ना पाटी. गिऱ्हाईक निम्मं रेल्वेचंच, त्यामुळे कॉलनीत सगळे त्याला ‘क्वार्टरवाला भाऊ’ म्हणतात.

फोनवर त्यानं घर कितव्या मजल्यावर ते विचारलं नाही. आधी विचारलं, “साहेब, मुदतीत निघताय का मुदत संपल्यावर?” मुदत म्हणजे निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायची. मुदतीत म्हटल्यावर साधा दर सांगितला. मुदत संपलेल्यांकडून तो निम्मे पैसे आगाऊ घेतो. का, तर टेम्पो दारात उभा, हमालांचा चहा चाललाय, आणि आतून निरोप येतो, पोरीची परीक्षा आहे, पुढच्या महिन्यात पाहू!

आमच्या रांगेतच अशी घरं आहेत. निवृत्तीनंतर 4 महिने साध्या लायसन फीवर, म्हणजे नेहमीच्या भाड्यावर, पुढचे 4 अर्ज करून दुप्पट फीवर राहता येतं. त्यानंतर ताबा अनधिकृत. मग डॅमेज रेंट, म्हणजे दंडाचं भाडं, लागतं, ग्रॅच्युइटी अडकते, वर जादा राहिलेल्या दर महिन्यामागे निवृत्तांच्या मोफत प्रवासाच्या पासचा एक संच कापला जातो. हे सगळं तोंडपाठ असलेला माणूसही हलत नाही. पोरगा रेल्वेत लागेल, क्वार्टर त्याच्या नावावर करू, ही आशा. एखादा बहाद्दर तर स्वतः गावी राहून पोटभाडेकरू ठेवतो. इकडे नवा लागलेला असिस्टंट लोको पायलट रात्रीची गाडी करून येतो आणि मे महिन्याच्या दुपारी भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत झोपायला बघतो. त्याच रात्री त्याला परत इंजिनावर चढायचं असतं. मला त्या पोराची काळजी जास्त वाटते.

शेवटी सरकारी जागेतला अनधिकृत ताबा काढायच्या 1971 च्या कायद्याखाली संपदा अधिकाऱ्याची नोटीस निघते, सुनावणी होते, आदेश होतो. अशा दिवशीही भाऊनं सामान उचललंय. म्हणाला, “कुकर उचलला तर आत भात गरम होता, भो.”

आता कामाचं. माणसं चार, सगळी सकाळी साडेसहाला हजर. कूलरची खिडकीतली चौकट त्यांनीच काढली, भिंतीला टवका नाही. आयओडब्ल्यूचा, म्हणजे रेल्वेच्या बांधकाम निरीक्षकाचा, माणूस नळ, होल्डर, दारं तपासून गेला, तेव्हा त्याचा फायदा कळला. बायकोला घोर होता मांडे भाजायच्या मातीच्या खापराचा. सासूबाईंच्या वेळचं, काळंभोर. हमालांतल्या म्हाताऱ्यानं ते गोधडीत गुंडाळलं आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर घेऊन बसला. वाटेतल्या नशिराबादचे गतिरोधक ज्यांना माहीत आहेत त्यांना यातलं मोल कळेल. खापर शाबूत आलं, गोदरेजच्या कपाटाचा मात्र एक पाय वाकला. त्याचे दोनशे भाऊनं न मागता कमी केले.

हमालीसकट साडेचार हजार झाले. स्वस्त नाही, पण नंतर घासाघीस नाही. पाचपैकी चार.

एक गुण कापला तो पॅकिंगसाठी. दोरी सोडून तो काही आणत नाही. खोकी आपणच जमवायची. सावदा-रावेरकडची केळीची मिळाली तर उत्तम, जाड असतात, फक्त बाजूच्या भोकांतून चमचे गळतात. आणि फोन सकाळी करा, दुपारी बारा ते चार तो उचलत नाही.