मॅचिंग सेंटरमधली तूरडाळ

डोंबिवली पूर्वेला फडके रोडवरून आत वळलं की एक मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे साडीला जुळणारं कापड आणि शिवणाचं सामान मिळतं ते दुकान. नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. मी घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. त्यामुळे अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा तरी माझी तिथे फेरी होतेच. अस्तर, टू बाय टू रुबिया (ब्लाउजचं सुती कापड), फॉल, हुक, रिळं. नुसत्या हिरव्यात पोपटी, शेवाळी, रामा, बाटली. बाकीच्या दुकानांत ‘हिरवा द्या’ म्हटलं की हिरवा देतात, इथे ‘कुठला?’ विचारतात.

पण आज कापडापेक्षा तूरडाळीबद्दल जास्त लिहायचंय.

२०२० चा लॉकडाउन दुकानाच्या मालकांनी, म्हणजे आमच्या काकांनी, मास्कवर काढला. रुबियाचे तागे पडूनच होते, इलॅस्टिक मात्र बाजारातून गायब. मग परकराच्या नाड्या लावून मी त्यांना मास्क शिवून दिले. बरे खपले. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा मास्क जो तो विकत होता. कापडाची दुकानं बंद, किराणा सकाळी सात ते अकरा. काकांनी आठवडाभर शटरकडे बघत काढला असेल. मग एका सकाळी काउंटरवर तूरडाळ, पोहे, रवा, साखर! अन्नविक्रीची छोटी नोंदणीही करून घेतली, वर्षाला १०० रुपयांची. तो कागद आता लक्ष्मीच्या फोटोशेजारी चिकटवलाय. मागच्या कापडाच्या रॅकवर जुना पडदा ओढलेला.

तेव्हा लग्नं पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायची होती. पण माणसं पंचवीस असोत की पाचशे, शालूवर ब्लाउज लागतोच ना! माझ्याकडे तीन नवरी मुलींचे ब्लाउज अडकलेले. मी रांगेत उभी राहून म्हणायचे, “काका, अर्धा किलो पोहे, आणि जमलं तर एक मरून अस्तर.” काका डोळ्यांनीच ‘थांबा’ म्हणायचे. पोह्यांच्या पिशवीखाली अस्तराची घडी यायची. नियमात बसत नव्हतं, मला माहीत आहे. म्हणूनच नाव लिहिलं नाही.

आता मालाबद्दल. तूरडाळ उत्तम. कल्याणच्या मार्केटमधून स्वतः स्कूटरवर आणतात, पटकन शिजते. आणि ती दाखवायची पद्धत अशी, की मला पहिल्या दिवशी हसू आवरेना. मूठभर डाळ तळहातावर घेतली आणि काउंटरची फळी उचलून थेट रस्त्यावर, उन्हात! “ताई, ट्यूबलाइटमध्ये रंग कळत नाही.” तीस वर्षं फॉल आणि साडी उन्हात धरून बघणारा माणूस, डाळही तशीच बघणार. शेजारच्या वाण्याने मला कधी डाळ उन्हात नेऊन दाखवलेली नाही.

रवा मात्र घेऊ नका. पहिल्यांदा घेतला, उपमा केला आणि पहिल्याच घासाला मुलगा म्हणाला, “आई, याला कपाटाचा वास येतोय.” डांबराच्या गोळ्या! ज्या खणात आधी ब्लाउजपीस होते त्याच खणात रवा ठेवलेला. मी जाऊन सांगितलं, तर काकांनी वाद न घालता पैसे परत केले. पुढे पत्र्याचे डबे आणले, तरी माझी काही पुन्हा हिंमत झाली नाही. पोहे ठीकठाक, थोडे जाड.

मे महिन्यात त्यांनी छत्र्या आणि निळं प्लास्टिकही ठेवलं, कारण पावसाळी सामानाला परवानगी होती. १७ मेला तौक्ते वादळ आलं. दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिक मीटरवर, कापडाच्याच पट्टीने मोजून, दुपारच्या आत संपलं म्हणे. मला मिळालं नाही. आमच्या गॅलरीत अजून जुनी चादर लटकतेय.

एक तक्रार उरलीच. त्याच काळात मी एकदा राणी रंगाच्या साडीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि फॉल घरपोच मागवला. आला तो वांगी! गिऱ्हाइकाने घेतलाही, पण काठाजवळ तो मला अजून खुपतो. काकांना दाखवला तर म्हणाले, “मोबाईलने रंग सांगितला, ताई. मी नाही.”

२०२१ च्या जुलैमध्ये पडदा निघाला. तेव्हा कापड सोमवार ते शुक्रवार, चारपर्यंत मिळायचं. शनिवार-रविवारी दुकान फक्त डाळ-साखरेपुरतं उघडं असायचं. तुम्ही जाल तेव्हा साडी सोबत न्या, फोटो नको. ढगाळ दिवस असेल तर काका सरळ सांगतात, ऊन पडल्यावर या.