रत्नागिरीतली थ्रेशोल्ड टेस्ट: पट्टा भारी, आकडा गंडलेला
हाफ मॅरेथॉनची तयारी चाललीय म्हणून इथल्या एका जिममध्ये ट्रेडमिलवर थ्रेशोल्ड टेस्ट करून आलो. सुई नाही, रक्त नाही, छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधायचा आणि थोडा थोडा स्पीड वाढवत न्यायचा, त्याबरोबर ठोके सरळ रेषेत वाढतात आणि जिथे ती रेषा जरा आडवी व्हायला लागते तो म्हणे आपला अ‍ॅनारोबिक थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर गेलं की फार वेळ दम टिकत नाही ती हद्द. आयडिया इटलीचे क्रीडाशास्त्रज्ञ कोन्कोनी यांची, १९८२ ची. गोची अशी की सगळ्यांची रेषा वाकतेच असं नाही, माझी तर शेवटपर्यंत नाकासमोर चालणारी! तरी त्या पोराने स्क्रीनवर बोट ठेवून मिनिटाला १७२ ठोके सांगून टाकलं. कुठून काढलंस रे बाबा? वर एसी बंद, मे महिन्यातला दमट उकाडा, अशात त्याच स्पीडला ठोके जास्त पडणारच ना. मग थ्रेशोल्ड काढायची दुसरी रीत म्हणून एकदा पहाटे भाट्याच्या ओल्या पुळणीवर ३० मिनिटं जीव तोडून पळालो, शेवटच्या २० मिनिटांची सरासरी १६४. आता तोच आकडा धरलाय. पट्टा मात्र भारी, माझ्या मनगटावरच्या घड्याळासारखा घामाने येडा होत नाही. तीन स्टार, त्यातला एक नंतर पाजलेल्या कोकम सरबताचा.