रावणाच्या मुकुटाला भोकं नाहीत

अठरा इंची रावण, तेवढाच हनुमान आणि सोबत एक लाइटबॉक्स. छायाबाहुल्या म्हणजे मागून दिवा लावून पडद्यावर खेळवायच्या बाहुल्या. आंध्रातल्या अशा चामड्याच्या बाहुल्यांच्या प्रतिकृतींचा हा सेट मी मार्चमध्ये मागवला. कुरिअर धरून ७,४५० रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांनी घेतलाय ते काळ्या डब्यावरून लगेच ओळखतील. ज्यांनी घेतलेला नाही, त्यांनी कुणाचीही छायाबाहुली घेताना काय तपासावं ते कळावं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापुरात ग्लो-साइन बोर्डचं काम करतो. बावीस वर्षं झाली. मागून उजेड सोडलेली चित्रं बघणं हाच धंदा. बाहुल्या जमवायला लागून चौदा वर्षं होतील. राजस्थानी कठपुतळ्या, पिंगुळीच्या कळसूत्री, हातमोज्यासारख्या घालायच्या, अशा मिळून घरात सदतीस आहेत. या सेटची जाहिरात बघितली तेव्हा वाटलं, आपली दोन्ही वेडं एका डब्यात आली. म्हणून पैसे देताना मागंपुढं बघितलं नाही.

चांगलं आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. चित्र काढणाऱ्यानं मूळ बाहुल्या नीट बघितलेल्या आहेत. बाजूनं दिसणारा चेहरा, कपाळापर्यंत गेलेला मोठा डोळा, कमरेच्या वस्त्रावरची नक्षी, रावणाची दहाही डोकी, सगळं जागच्या जागी. काळी रेघ कुठंही फुटलेली नाही. लेझर कटिंगची कड स्वच्छ आहे, जळका पिवळेपणा नाही. पॅकिंगला फोम भरपूर, कोपरा दुमडलेला नाही. टेबलावर ठेवून वरून बघितलं तेव्हा मी खूश होतो.

मग दिवा लावला.

छायाबाहुलीच्या अंगावर दागिने रंगवलेले नसतात, ते टोचलेले असतात. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, गळ्यातले हार म्हणजे ओळीनं पाडलेली बारीक भोकं. शेळीचं कातडं भिजवून, केस काढून, खरवडून, ताणून वाळवायचं. ते पारदर्शक झालं की त्यावर चित्र काढायचं आणि छोट्या छिन्न्यांनी एकेक भोक ठोकायचं. गोल, लांबट, त्रिकोणी, प्रत्येकाला वेगळी छिन्नी. मागं दिवा आला की कातड्यावरचे रंग काचेसारखे उजळतात आणि या भोकांतून सरळ दिव्याचाच उजेड येतो. हिरे चमकल्यासारखे दिसतात ते त्यामुळं. बाहुली हलली की ते लुकलुकतात.

या रावणाला एकही भोक नाही. भोकांच्या जागी पांढऱ्या शाईचे ठिपके छापलेत. टेबलावर ते झकास दिसतात, पण छपाईतली पांढरी शाई उजेड अडवते. आमच्या धंद्यात हे नवीन पोरालाही पहिल्या महिन्यात कळतं. परिणाम असा, की दिवा लावला की बाकीचा रावण उजळतो आणि त्याचे दागिने काळवंडतात. जे सगळ्यात जास्त चमकायला हवं तेच सगळ्यात काळं! मी दुकानातली ट्यूब बंद केली, परत लावली, बॉक्स उलटा करून बघितला. दहा मुकुट, दहाही काळे ठिपक्यांचे.

माझ्याकडं खरा एक हनुमान आहे, दोन फुटी. २०१६ साली पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात आंध्रातल्या निम्मलकुंटा गावच्या कारागिराकडून ३,२०० रुपयांना घेतलेला. तो शेजारी टांगून नुसत्या मुकुटातली भोकं मोजली, २१२ भरली. काही जागी छिन्नी जरा तिरकी बसलीय, दोन भोकं एकमेकांत मिसळलीत. तरी दिवा लावल्यावर त्या मुकुटावरून नजर हटत नाही.

दुसरी गोष्ट रंगांची. खरी बाहुली दोन्ही बाजूंनी रंगवतात, त्यामुळं उजेड दोन थरांतून येतो आणि लाल तो लालच राहतो. इथं प्लॅस्टिकच्या अर्धपारदर्शक शीटवर एका बाजूनं एकच थर छापलाय. दिवा बंद असताना लाल, दिवा लावला की गुलाबी. बोर्डवाल्यांकडं यावर साधा उपाय आहे: बॅकलिट, म्हणजे मागून उजेड सोडायचं, काम असेल तर शाई दाट सोडायची किंवा मागच्या बाजूनं तेच चित्र पुन्हा छापायचं. खर्च थोडा वाढतो. साडेसात हजारांत तो बसायला हरकत नव्हती.

लाइटबॉक्सबद्दल तर माझ्याच्यानं राहवत नाही. खोली जेमतेम एक इंच. आत एलईडीची पट्टी, मीटरला साठ दिवेवाली, आणि समोर पातळ दुधी ॲक्रिलिक. एवढ्या कमी अंतरात उजेड पसरतच नाही, प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका दिसतो. हनुमानाच्या पोटावर चार गोल चंद्र उमटतात आणि छातीच्या मध्ये अंधाराचा पट्टा. बॉक्स तीन-साडेतीन इंच खोल हवा होता, किंवा मग दिवे कडेनं लावून उजेड आत सोडायला हवा होता. त्यात दिवे कूल व्हाइट, ६५०० केल्व्हिनचे. हा खेळ पूर्वी एरंडेलाच्या दिव्यांवर व्हायचा, नंतर बल्ब आले. दोन्हींचा उजेड पिवळसर. त्या उजेडात नारिंगी आणि लाल रंगांना जी ऊब येते, ती या निळसर पांढऱ्यात मरते. मी ३००० केल्व्हिनची वॉर्म व्हाइट पट्टी टाकून बघितली, तेवढ्यानंसुद्धा रावणाच्या अंगात रक्त आल्यासारखं झालं. पट्टी दीडशे रुपयांची.

आता सांधे. खऱ्या बाहुलीचे खांदे, कोपरं, कंबर, गुडघे वेगळे कापून दोऱ्याच्या गाठींनी जोडलेले असतात. गाठ सैल असते. काठी जरा हलवली की हात आपल्याच वजनानं खाली येतो आणि त्या पडण्यात जीव असतो. माझ्या हनुमानाला मी महिन्यातून एकदा तरी काढून हलवतो. गदेचा हात खाली येताना जो हिसका बसतो तो मनगटाला कळतो. या सेटमध्ये सांध्यांना पितळी आयलेट ठोकलेत, आमच्या बॅनरला दोरी ओवायला असतात तसलेच, आणि ते घट्ट दाबलेत. रावणाचा उजवा हात बोटानं ढकलला तर सरकतो आणि जिथं सोडाल तिथंच थांबतो. डावा सरकतच नाही. जोर लावला तर शीटला पांढरी सुरकुती पडली, ती आता जाणार नाही.

उभी काठीही दुहेरी टेपनं चिकटवलेली. खऱ्यात बांबूची कामटी मधोमध चिरून तिच्यात बाहुली डोक्यापासून धरतात आणि खालचा भाग मूठ म्हणून राहतो. सगळा भार त्या काठीवर. इथली काठी एप्रिलच्या उन्हाळ्यात एका दुपारी सुटून पडली. दुकानात पत्रा आहे, तापतं हे खरं, पण उन्हाळा काही माझ्या एकट्याच्या दुकानात येत नाही.

मी प्रतिकृतींच्या विरोधात नाही, हे मुद्दाम सांगतो. आंध्रातल्या तोलुबोम्मलाट्टाच्या, म्हणजे तिथल्या चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या खेळातल्या, बाहुल्या देशातल्या सगळ्यात मोठ्या, चार ते सहा फुटांपर्यंतच्या. टू बीएचकेत त्या कुठं टांगणार? आणि खेळातल्या जुन्या बाहुल्या कलाकारांच्या घराण्यातच राहाव्यात, असं माझं ठाम मत आहे. दिवाणखान्याच्या शोभेसाठी कुणाच्या आजोबांचा राम विकत मागू नये. म्हणून छोटी, घरात मावणारी, पावसाळ्यात न कुजणारी प्रतिकृती मला हवीच आहे. कोल्हापूरच्या जुलैत खऱ्या कातड्याला सांभाळणं किती जिकिरीचं असतं ते मला विचारा. दर आठवड्याला बुरशी बघायची, सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या, कोरड्या फडक्यानं पुसायचं. काचेला टेकवून फ्रेम केली तर ओल धरते, कातडं वळतं. काच आणि बाहुली यांच्यात बोटभर जागा सोडावी लागते. प्लॅस्टिकला यातलं काही नाही, हा या सेटचा मोठा गुण आहे आणि तो मी मान्य करतो.

पण नक्कल करायची तर कशाची करायची हे आधी ठरायला हवं. यांनी बाहुलीच्या फोटोची नक्कल केलीय. बाहुली म्हणजे उजेड आणि हालचाल. या दोन्ही गोष्टी काढल्या तर उरतं ते स्टिकर.

डब्यातली माहितीपुस्तिका वाचून मात्र मन खट्टू झालं. आठ गुळगुळीत पानं. ‘दक्षिण भारतीय प्राचीन कला’ एवढंच सतरा वेळा. गावाचं नाव नाही, कलेचं नाव नाही. रेखाटन सरळसरळ निम्मलकुंटाच्या वळणाचं आहे. धर्मावरमजवळचं हे गाव, पूर्वी अनंतपूर जिल्ह्यात होतं, आता श्री सत्यसाई जिल्ह्यात. तिथले बाहुली कलाकार दळवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. आंध्रच्या या चर्मबाहुल्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे. हे छापायला एक पान पुरलं असतं.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट तर छापायलाच हवी होती. पुण्याच्या त्या प्रदर्शनात मी हनुमान बघत उभा होतो तेव्हा कारागीर माझ्याशी हिंदीत बोलत होता, आणि मध्येच मुलाकडं वळून काहीतरी म्हणाला. मी थबकलो, कारण ते मला समजलं. शब्दांची टोकं वेगळी, हेल तेलुगू, पण बोलणं आपलं. विचारल्यावर त्यानं सांगितलं की घरात ते ‘आरे’ बोलतात. ही मराठीचीच बोली. तमिळनाडूत पावैकूत्तू, म्हणजे तिथला बाहुल्यांचा खेळ, करणारे मंडिगर समाजाचे लोकही घरात मराठीचंच एक रूप बोलतात. कधीकाळी इकडून गेलेली माणसं, भाषा घराच्या आत आणि खेळ तेलुगूत किंवा तमिळमध्ये. मला त्या दिवशी घासाघीस करवली नाही. सांगितली ती किंमत दिली.

मांडणी कशी असावी याचं मला आवडलेलं उदाहरण काचेच्या कपाटातलं नाही. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांचं ठाकर आदिवासी कला आंगण आहे. गोठ्याचं संग्रहालय केलंय. गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री. करूळचा घाट उतरून गेलो होतो, मुलगी आठ वर्षांची होती. कळसूत्री बाहुल्या, चित्रकथीची चित्रं, चामड्याच्या बाहुल्या, सगळं हाताच्या अंतरावर. मुख्य म्हणजे बाहुली चालवून दाखवतात. चालणारी बाहुली एकदा बघितली की भिंतीवरच्या बाहुलीकडं बघतानाही ती चालते. घरी आल्यावर मी माझ्या कठपुतळ्या बाल्कनीतल्या खिळ्यावरून काढल्या. दोन वर्षांच्या उन्हानं घागऱ्याचा लाल रंग पार विटला होता. आता त्या आतल्या भिंतीवर आहेत, दोऱ्या मोकळ्या, पाय नसलेला घागरा पसरेल एवढी जागा खाली सोडून.

कंपनीला मेल पाठवला होता, दिव्यासकट सहा फोटो जोडून. चार दिवसांनी उत्तर आलं की हाताने बनवलेल्या वस्तूंमध्ये असे फरक असतात. यात हाताने काय बनवलंय, हे मी परत विचारलंय. दुसरं उत्तर अजून नाही.

तोवर मी रावणावर काम सुरू केलंय. चप्पल लाईनमधल्या ओळखीच्या चाचांकडून चामड्याला भोकं पाडायचा पंच आणला, दोन नंबर मापाचा. लाकडी ठोकळ्यावर रावण पालथा घालून पांढऱ्या ठिपक्यांवर एकेक भोक पाडतोय. पहिल्या दिवशी चाचा स्वतः येऊन बसले. म्हणाले, “जोरानं मारू नको, वजनानं मार.” प्लॅस्टिक कातड्यासारखं कापत नाही, कडेला फुगतं. मग ब्लेडनं साफ करावं लागतं. एका मुकुटाला दीड तास लागला. रात्री दुकान बंद केल्यावर ते मधलं डोकं दिव्यापुढं धरलं. एक मुकुट चमकत होता आणि नऊ काळे. मुलगी म्हणाली, “पप्पा, बाकीचे पण करा.”

पाचपैकी दोन गुण. दोन्ही रेखाटनाचे आणि कटिंगचे. भोकं पाडली, शाई दाट सोडली, सांध्यांना दोरा बांधला आणि पुस्तिकेत निम्मलकुंटाचं नाव घातलं, तर याच किमतीला मी दुसरा सेटही घेईन. आज ज्यांना घ्यायचाच असेल त्यांनी घेण्याआधी दिवा लावलेला व्हिडिओ मागवा, टेबलावरचा फोटो बघून ठरवू नका. आणि त्याच पैशात निम्मलकुंटाच्या कारागिराकडून खरी दोन फुटी बाहुली अजूनही मिळू शकते, हे एकदा विचारून बघा. प्रदर्शनांमधून ही मंडळी येत असतात.

सेटमधल्या हनुमानाला मी पंच लावलेला नाही. तो फोममध्ये तसाच आहे. परत घ्यायला तयार झाले, तर तो तरी धड अवस्थेत परत जायला हवा.